ओंडक्यावरचे तीन ठोके

आधीच हात जोडून सांगतो, माझे शुद्धलेखन कच्चे आहे. आठवीनंतर शाळा सुटली, आणि तेव्हापासून बेकरीच्या भट्टीवर लाकडे लावायचे काम करतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर वाचणाऱ्याने सुधारून घ्यावे, आणि शब्द साधे आहेत म्हणून गोष्टीवर रागावू नये. वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी वाचन असते. तिथे परवा एका मावशींनी विचारले, "घरात येणारी मुंगी-झुरळं मारली तर चालतं का हो?" सगळे हसले. मावशी मात्र खरेच विचारत होत्या. मला काहीतरी सांगावेसे वाटले, पण चारचौघांत माझे तोंड उघडत नाही. म्हणून जातककथेच्या रीतीने ही गोष्ट लिहिली. कोणत्या पोथीत ती शोधू नका. ती माझ्या मनातून आली आहे.

शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, एका डोंगराच्या पायथ्याशी वर्षावासाला राहिले होते. पावसाळ्यात ओल्या वाटेवर जीवजंतू फार असतात. ते पायाखाली येऊ नयेत म्हणून भिक्षू फिरणे थांबवतात आणि एका जागी राहतात. पुष्कर नावाचा एक तरुण भिक्षू सगळ्यांत शेवटच्या कुटीत एकटा राहत होता. त्याच्या कुटीत मुंग्या येऊ लागल्या. चार दिवस त्याने पाहिले, पाचव्या दिवशी केरसुणी उचलली आणि सगळी रांग चिरडून टाकली.

दुसऱ्या भिक्षूंना ते कळले. त्यांच्यातला वडील भिक्षू शास्त्यांकडे गेला आणि म्हणाला, "भदंत, मुंगी चिरडू नये म्हणून आपण चालायचे थांबलो, आणि हा बसल्या जागी चिरडतो आहे!"

शास्त्यांनी पुष्करला बोलावले. "खरं का हे?"

"खरं आहे, भदंत. पण मी त्यांच्या वाटेला गेलो नव्हतो. त्याच माझ्या दारात आल्या. सगळं रान त्यांचं आहे. ही चार हात जागा तेवढी माझी."

"पुष्कर, त्या येत नाहीत तेव्हा तुझ्याकडे कोण येतं?"

पुष्करने मान खाली घातली. "कोणी नाही, भदंत."

"पूर्वीही तू असाच एकटा होतास, आणि असंच केलं होतंस," असे म्हणून शास्त्यांनी मागच्या जन्माची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी मेघवती नगरीत दृढसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका लाकूडतोड्याच्या कुळात जन्मला. मेघवतीहून समुद्राकडे एक घाटवाट उतरत होती. खालून मीठ वर यायचे, वरून गूळ आणि धान्य खाली जायचे. घाटमाथ्यावर एक मोठे पठार होते आणि पठाराच्या तिन्ही अंगांना कडे होते. धुक्यात वाट चुकलेली माणसे त्या कड्यांवरून खाली जात. म्हणून राजाने पठारावर दगडी पांथशाळा बांधली आणि आज्ञा केली की तिथली आगटी बारा महिने पेटती राहावी. उजेड दिसला तर माणूस वाचेल.

आठ महिने तिथे राहायला माणसे मिळत. पावसाचे चार महिने कोणी राहीना. बोधिसत्त्व आपण होऊन गेला. त्याला घर नव्हते असे नाही. घरात कोणी उरले नव्हते. राजाच्या कारभाऱ्याने विचारले, "एकटा राहशील का तिथं?"

तो म्हणाला, "एकटाच राहतो आहे. तिथं निदान कोणाच्या उपयोगी तरी पडेन."

त्याला वर जाऊन सतरा पावसाळे झाले. त्याचे नाव कोणाच्या लक्षात राहिले नव्हते. येणारे-जाणारे त्याला आगटीबाबा म्हणत.

अठराव्या पावसाळ्याच्या तोंडाशी मिठाचा शेवटचा तांडा वर मीठ देऊन, गूळ घेऊन परत निघाला होता. त्यात रोहक नावाचा एक तरुण होता. पठारावर त्याचा बैल बुजला आणि त्याच्या पावलावर चढला. हाड मोडले. ढग तर डोक्यावर आले होते, आणि खालच्या नद्या फुगल्या असत्या तर तांडा अडकला असता.

तांड्याचा नायक म्हणाला, "रोहका, तुला बैलावर बांधून उतरवलं तर घाटात बैलही जाईल आणि तूही. पाऊस सरला की पहिल्या खेपेला तुला घेऊन जातो."

"आणि रेवतीला काय सांगाल?"

"तू जिवंत आहेस, एवढं सांगतो."

रोहकची बायको रेवती पोटुशी होती. भाद्रपदात दिवस भरणार होते. रोहकची आई त्याला जन्म देताना गेली होती. त्याने तिला कधी पाहिलेच नव्हते, पण रेवतीला दिवस गेल्यापासून आई रोज त्याच्या स्वप्नात येई आणि पाठमोरी बसे. त्याने रेवतीला शब्द दिला होता, "त्या वेळी मी दाराशी असेन. जगाचं काहीही होवो." आता बैलांच्या घंटा घाटात उतरत उतरत बारीक होत गेल्या, आणि मग ऐकू येईनाशा झाल्या. रोहक खाटेवर पडून कितीतरी वेळ कान देऊन होता.

मग पाऊस लागला. त्याच्यामागून धुके आले आणि दाराशी येऊन बसले.

पहिल्या आठ दिवसांत पांथशाळेत एकही माणूस आला नाही. बाकी सगळे आले. भिंतीच्या भेगांतून मुंग्या आल्या. उंबऱ्याखालून वाणी आले, बोट लावले की चकलीसारखे वळून बसणारे. झुरळे आली, पतंग आले, पिसवा आल्या. एक गोम आली, ती तर आपल्याच घरात आल्यासारखी सरळ कोपऱ्यात गेली.

रोहकने वहाण हातात घेतली. पडल्या पडल्या दुसरा उद्योग नव्हता. खाटेवरून हात पुरेल तिथपर्यंत तो एकालाही सोडत नसे. "आज तेवीस झाले!" असे तो मोठ्याने म्हणे. म्हणण्यात आनंद नव्हता, पण आवाज तरी होई.

बोधिसत्त्व त्याला कधी बोलला नाही. तो आपली रीत करीत राहिला. धान्याच्या कणगीभोवती राखेची रेघ ओढी. खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवी. डास फार झाले की कडुनिंबाचा धूर करी. विंचू दिसला तर चिमट्यात धरून बाहेर पडवीच्या दगडाखाली ठेवून येई. आणि आगटीत लाकूड घालायच्या आधी ते उभे धरून जमिनीवर तीनदा ठोकी. ठक्. ठक्. ठक्. मग थोडे थांबे. लाकडाच्या सालीतून कधी कोळी, कधी मुंगळा, कधी नुसती धूळ बाहेर पडे. मग ते लाकूड आगीत जाई.

रोहक हे रोज पाहत होता. एकदा त्याला राहवले नाही.

"बाबा, लाकडाला काय विचारता? घरात कोणी आहे का?"

"हो. तेच विचारतो."

"आणि आतून कोणी म्हणालं, आहे, या बसा, तर?"

"तर थांबतो. निघू देतो."

"दिवसभर ठक् ठक् ठक्! डोकं उठलं माझं. लाकडात शिरू नये, एवढी अक्कल नको त्यांना?"

बोधिसत्त्व म्हणाला, "अक्कल असती तर या पठारावर कोण आलं असतं?"

तेव्हा रोहक हसला. पाय मोडल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता. पण हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "थट्टा राहू द्या. बाहेर एवढं रान पडलंय. यांना आत कोणी बोलावलं?"

"तुला कोणी बोलावलं होतं?"

"मला? माझा पाय मोडला होता. बाहेर पाऊस येत होता."

"त्यांनाही पाऊसच आहे रे."

"मी माणूस आहे, बाबा!"

"म्हणून तर तुला खाट दिली, आणि त्यांना भेग."

रोहकला याचा राग आला. तो टोचून म्हणाला, "म्हणजे तुमच्या हातून एकही मरत नाही म्हणा ना!"

बोधिसत्त्वाने आगीतले लाकूड आत सरकवले. मग सावकाश म्हणाला, "मरतात. तीनदा ठोकतो, तरी काही आत राहतातच. चौथ्यांदा ठोकलं तर आणखी एखादी निघेल, हे मला ठाऊक आहे. पण तेवढ्यात आग खाली बसते, आणि बाहेर कोणी माणूस असला तर? म्हणून तीनदा. पाय पडून मेली ते वेगळं, पाय टाकून मारली ते वेगळं, असं मी मनाला सांगतो. तरी ज्या दिवशी आत काही तडतडलेलं ऐकू येतं, त्या दिवशी जेवण गोड लागत नाही."

सतरा वर्षांत त्याने एवढे लांब बोलणे कोणाशी केले नव्हते. बोलून तो संकोचला, आणि लाकडे आणायला पडवीत गेला.

असे दोन महिने गेले. रोहकचे हाड जुळत आले. काठी टेकून तो दारापर्यंत जाऊ लागला. दाराबाहेर काही नव्हते. आगटीचा उजेड उंबऱ्याबाहेर दहा पावले जाई आणि धुक्यात संपे. रोहक मनाशी म्हणे, राजाने ही आग कोणासाठी ठेवली? हिला तर अंगणही दिसत नाही.

भाद्रपद लागला. आता रोहकला झोप येईना, जेवण जाईना. त्याच्याजवळ गुळाची एक ढेप होती, पिवळीधमक, रेवतीसाठी राखून ठेवलेली. बाळंतिणीला घालायला हाच गूळ न्यायचा, असे ठरवून त्याने ती वरच्या बाजारात निवडून घेतली होती. रोज सकाळी तो फडके सोडून ढेप पाही आणि पुन्हा बांधी. इतके दिवस त्याने ती खाटेवर उशाशी ठेवली होती. त्या दिवशी खाट पुसायची म्हणून त्याने ते गाठोडे आतल्या सरपणाच्या ढिगाशेजारी खुंटीला टांगले आणि तिथेच विसरला.

दुपारी त्याने गाठोडे सोडले, तर आत गूळ दिसेचना. काळे मुंगळे एकावर एक चढले होते. रोहकने ढेप झटकली, पुसली, फुंकली. बोटांना, मनगटाला मुंगळे डसले. त्यांची रांग पाहत तो ढिगापर्यंत गेला. सगळ्यांत खाली ऐनाचा एक जाड ओंडका होता, आतून पोकळ. पावसाच्या भीतीने मुंगळ्यांनी सारे घर उचलून त्यात आणले होते. पांढरी अंडीसुद्धा तोंडाशी दिसत होती.

रोहकच्या डोळ्यांपुढे रेवती आली, आणि ज्याच्याशी कोणी उभे नाही असे ते दार आले. त्याने ओंडका ओढला, दोन्ही हातांनी उचलला आणि न ठोकता आगटीत टाकला.

ओंडका कोरडा होता. त्याने चटकन पेट घेतला. मुंगळे बाहेर आले, पण बाहेर सगळीकडे आगच होती. काही अंडी तोंडात धरून ओंडक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहिले.

बोधिसत्त्व पडवीतून आत येत होता. हातातली लाकडे त्याने टाकली. चिमटा दूर होता. त्याने उजवा हात आगीत घातला, ओंडका धरला आणि ओढून बाहेर काढला. फरफटत उंबऱ्यापर्यंत नेला आणि पावसाच्या पागोळीखाली धरला. अर्धे मुंगळे वाचले, अर्धे नाही. त्याच्या तळहाताची कातडी ओंडक्याला चिकटून राहिली होती.

रोहक भिंतीला टेकून उभा होता. आता हा बोलेल, शिव्या देईल, हाकलून देईल, असे त्याला वाटले. बोधिसत्त्वाने हात पाण्यात बुडवला, तेल लावले, रानकेळीचे पान गुंडाळले आणि दातांनी गाठ मारली. तो काहीच बोलला नाही. ते न बोलणे रोहकला सोसवेना.

"बोला ना काहीतरी! शिव्या द्या!"

"तुला काय बोलू?" बोधिसत्त्व म्हणाला. "गाठोडं सरपणाला लागून टांगलंस, ते मी सकाळीच पाहिलं होतं. सांगेन म्हटलं, आणि राहिलं. तेव्हा बोललो असतो तर तुझा गूळही राहिला असता आणि त्यांचं घरही."

रोहकला शिवी चालली असती. हे त्याला चालले नाही. तो खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने उरलेला गूळ फडक्यात बांधला आणि काठी घेतली. बोधिसत्त्व आगटीपाशी बसला होता. तो म्हणाला, "धुकं आहे."

"असू दे."

"उतरायची वाट दोन उभ्या दगडांमधून आहे. एकच दगड दिसला, तर पुढं पाऊल टाकू नकोस." त्याने आपले पानांचे इरले काढून रोहकच्या डोक्यावर ठेवले. "खाली पोचलास की नाही, ते मला कळायचं नाही. पण पोच."

रोहकने मागे पाहिले नाही. मागे पाहण्यासारखे काही उरलेही नव्हते. दहा पावलांवर पांथशाळा धुक्यात गेली.

तो सकाळभर चालला. दगड दिसले, पण ते बसके होते. एकदा एक उभा दगड दिसला. त्याला हर्ष झाला आणि त्याने दुसरा दगड शोधायला पाऊल उचलले. मग बोलणे आठवले. त्याने एक खडा उचलून पुढे टाकला. खडा पडल्याचा आवाज आलाच नाही.

रोहक होता तिथेच खाली बसला. पुढे कडा आहे हे कळले होते. डावीकडे आणि उजवीकडे काय आहे ते कळत नव्हते. आपण कुठून आलो हेही आता त्याला सांगता येईना. त्याने हाका मारल्या. धुक्याने हाक तोंडापाशीच पुसून टाकली. पाऊस लागला. भिजलेला पाय ठणकू लागला. दिवस कलत चालला तरी उजेड होता तसाच होता, राखेसारखा. रोहकच्या मनात आले, रेवतीला नायकाने सांगितले असेल, तो जिवंत आहे. ती आणखी किती दिवस तसेच समजत राहील?

तेवढ्यात मनगटावर काही हलले. इरल्याच्या पानातून एक मुंगी निघून त्याच्या हातावर आली होती. पावसातून ती आत शिरली होती, आणि तिचे आत म्हणजे आता रोहकच होता. कालचे डसणे ताजे होते. त्याने दुसरा हात उगारला. उगारलेला हात तसाच राहिला. त्या पठारावर, त्या धुक्यात, त्याच्याशिवाय जिवंत असे तेवढेच होते. त्याने हात खाली घेतला आणि मनगट इरल्याखाली, कोरड्यात धरले.

"बस बाई," तो म्हणाला. "दोघांनाही पाऊसच आहे."

आणि तो गप्प बसला, म्हणून त्याला ऐकू आले.

ठक्.

मग बराच वेळ काही नाही. मग, ठक्. आणि आणखी थांबून, ठक्.

रोहक उठला. दोन महिने ज्या आवाजाने त्याचे डोके उठत होते, तो आवाज त्याच्या उजव्या हाताकडून आला होता. पण ठोके नेहमीसारखे सारखे नव्हते. एक जड, एक हलका. क्षणभर त्याला कळेना, आणि मग कळले: म्हातारा डाव्या हाताने ठोकतो आहे.

तो आवाजाच्या रोखाने चालला. वीस पावले गेला आणि थांबला. ठोके संपले होते, आणि रोख चुकला तर पुन्हा कडा होता. आता दुसरे लाकूड लागेपर्यंत वाट पाहायची. रोहकला माहीत होते, ओले लाकूड धुमसत धुमसत जळते आणि त्याला किती वेळ लागतो. दोन महिने दुसरे पाहिले होते काय! पाय ठणकत असता तो जागच्या जागी उभा राहिला, आणि त्याच्या मनगटावर मुंगी उभी राहिली. अखेर पुन्हा ठोके आले, आता थोडे जवळून. तो पुन्हा वीस पावले चालून थांबला. असे करता करता चार लाकडे जळाली. पाचव्या लाकडाच्या तिसऱ्या ठोक्याला त्याचा हात भिंतीला लागला.

तो दारात आला तेव्हा बोधिसत्त्व आगटीपुढे बसला होता. लाकूड डाव्या हाताने काखेशी धरले होते, आणि सालीतून एक मुंगळा निघत होता, त्याची तो वाट पाहत होता. त्याने वर पाहिले. हातातले लाकूड गळून पडले.

रोहक उंबऱ्यावरच बसला.  मग म्हणाला, "बाबा, मला हाक मारत होता?"

"नाही रे. तू उतरलास असंच धरून बसलो होतो." बोधिसत्त्वाने खाली निघालेल्या मुंगळ्याकडे बोट दाखवले. "मी यांना सांगत होतो, बाहेर या म्हणून."

रोहक म्हणाला, "मी मात्र आत आलो." आणि तो लहान मुलासारखा रडला. रडून झाल्यावर त्याने मनगटावरची मुंगी भिंतीच्या भेगेपाशी नेऊन सोडली. मग खाली पडलेले लाकूड उचलले आणि म्हणाला, "सरका. तुमचा हात बरा होईपर्यंत मी ठोकतो."

पुढे एक महिना तोच ठोकत होता. आश्विनात धुके उठले. दोन उभे दगड दारातूनच दिसू लागले, आणि एके दिवशी घंटा वाजवत तांडा आला. नायकाने घाटाच्या तोंडापासूनच ओरडून सांगितले, "मुलगी झाली रे! दोघी खुशाल आहेत!" रोहकने उरलेला गूळ सगळ्यांना वाटला आणि एक खडा पडवीतल्या ऐनाच्या अर्धवट जळक्या ओंडक्याशी ठेवला. निघताना तो बोधिसत्त्वाच्या पाया पडला. बोधिसत्त्व दारात उभा राहून घंटा ऐकत राहिला. त्या बारीक होत गेल्या आणि ऐकू येईनाशा झाल्या. मग तो आत गेला. खाट रिकामी होती. त्याने एक लाकूड उचलले, तीनदा ठोकले आणि थांबला.

पुढे दर वर्षी पावसाच्या आधी रोहक बैलभर कोरडे सरपण घेऊन वर येई, एक दिवस राही आणि जाई. बोधिसत्त्वाने जन्मभर ती आग विझू दिली नाही, आणि आयुष्य सरल्यावर आपल्या कर्मानुसार पुढे गेला.

ही गोष्ट सांगून शास्ता म्हणाले, "त्या वेळचा रोहक म्हणजे हा पुष्कर. त्याला पठारावर एकटं ठेवून गेलेला तांड्याचा नायक म्हणजे आज त्याची तक्रार घेऊन आलेला हा वडील भिक्षू. आणि आगटीबाबा मीच होतो."

वडील भिक्षूने हात जोडले. मग त्याने विचारले, "भदंत, आणि त्या मुंग्या कोण होत्या?"

शास्त्यांनी सगळ्यांकडे पाहिले. "ते सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही तेवढ्याच वाचवाल."

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत वडील भिक्षू शेवटच्या कुटीपाशी गेला आणि दारातूनच म्हणाला, "पुष्करा, तुझी कुटी गळते का रे? राखेची रेघ कुठं ओढायची ते दाखवतो." अशी ही मैत्रीची पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला पोचलेली मैत्री, आहे. घराचे दार ज्याच्यासाठी आपण उघडलेले नाही, तो आत आला तरी त्याचा जीव आपल्या जिवासारखा धरणे, ती मैत्री.

काल ही गोष्ट लिहून पुरी झाली, आणि मावशींसाठी तिची एक नक्कल काढली. आज सकाळी भट्टी लावताना पहिले लाकूड जमिनीवर तीनदा ठोकले. बरोबरचा कामगार म्हणाला, "कोणाला उठवतोस रे?"  सालीतून एक मुंगळा निघून मैद्याच्या पोत्यांकडे चालला होता. त्याला कागदावर घेऊन बाहेर चिंचेच्या बुंध्याशी सोडले. पाव निघाल्यावर नक्कल घेऊन मावशींच्या घराकडे गेलो. याआधी मी कोणाकडे असा आपण होऊन गेलो नव्हतो. दार बंद होते. मी तीनदा ठोकले आणि थांबलो.